कंप ओळखणारे डॉक्टर कसे घडतात

डिचोली तालुक्यातल्या पाळीसारख्या गावात साठी ओलांडलेल्या माणसाचा उजवा हात थरथरू लागला, तर घरचे लोक आधी वयाला दोष देतात. मग गावच्या डॉक्टरकडून ताकदीच्या गोळ्या येतात. कुणी देवळात कौल लावायला सांगतो, कुणी बाधा उतरवणाऱ्या घाड्याकडे नेतो. वर्ष-दीड वर्षाने चाल मंदावते, आवाज खोल जातो, शर्टाची बटणं लागेनाशी होतात. तेव्हा कुठे साखळीचं आरोग्य केंद्र, आणि तिथून चिठ्ठी घेऊन बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. या वाटेवर त्याला तपासणारे पुष्कळ भेटतात. त्यांपैकी कुणाला हालचाल वाचायला शिकवलेलं होतं का, यावर त्याची पुढची दहा-पंधरा वर्षं अवलंबून असतात. मेंदूविकारतज्ज्ञांना हालचालींच्या विकारांचं विशेष प्रशिक्षण कसं मिळतं, ते कुठे अपुरं पडतं आणि गोव्यासारख्या लहान राज्याने त्यासाठी काय करावं, हा आजचा विषय आहे.

हालचालींचे विकार म्हटलं की पार्किन्सन आठवतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली त्याचं वर्णन केलं, आणि आयुर्वेदात कंपवात म्हणून हे दुखणं त्याच्याही कितीतरी आधीपासून ओळखीचं होतं. पण हा गट मोठा आहे. मान किंवा हात पिळवटून एका बाजूला ओढला जातो तो डिस्टोनिया, अंगभर अनावर हालचाली सुरू राहतात तो कोरिया, क्षणात झटका बसतो तो मायोक्लोनस. याशिवाय तोल घालवणारा अटॅक्सिया आणि मुलांमधल्या टिक्स. कंपाचेही प्रकार आहेत. मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरणारा आणि चहाचा कप उचलला की थांबणारा हात एका आजाराकडे बोट दाखवतो. कप तोंडाशी नेतानाच हिंदकळणारा हात दुसऱ्याच. औषधंही त्यानुसार वेगळी.

आणि इथे यंत्रं फारशी मदतीला येत नाहीत. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही, रक्ताची नेहमीची तपासणीही नाही. रुग्ण खुर्चीतून कसा उठतो, चालताना कोणता हात हलत नाही, वळताना किती पावलं घेतो, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितल्यावर ती हालचाल कशी लहान लहान होत जाते, कागदावर अक्षर कसं बारीक होत जातं, हे बघूनच निदान होतं. सगळं डोळ्यासमोर घडतं, पण ज्याला दाखवलं गेलं आहे त्यालाच दिसतं. म्हणून या शाखेत शिक्षकाच्या शेजारी बसून शेकडो रुग्ण पाहण्याला दुसरा पर्याय नाही.

हे केवळ मत नाही, त्याला आकडे आहेत. १९९२ साली लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या मेंदूपेढीत अँड्र्यू लीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हयातीत पार्किन्सनचं निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. ७६ जणांतच निदान बरोबर निघालं. म्हणजे चौघांतला एक जण आयुष्यभर दुसऱ्याच आजाराच्या नावाने जगला होता. २००२ साली याच गटाने आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळचे रुग्ण हालचालींच्या विकारांचंच काम करणाऱ्या तज्ज्ञांनी पाहिलेले होते. पार्किन्सन असं ठरवलेल्या ७३ जणांपैकी ७२ जणांत ते खरं ठरलं. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण तंतोतंत सारखे नव्हते आणि मधल्या दहा वर्षांत निदानाचे निकषही सुधारले होते, तरी फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. विशेष प्रशिक्षणावर पैसा खर्च करायचा की नाही असा प्रश्न कुणी विचारला तर मी आधी हे दोन आकडे पुढे करीन.

ही शाखा स्वतंत्र म्हणून उभी राहिली ती इंग्लंडचे डेव्हिड मार्सडेन आणि अमेरिकेचे स्टॅन्ली फान यांच्या प्रयत्नांनी. १९८५ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८६ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. या नियतकालिकाने एक मोठं काम केलं: लेखांसोबत रुग्णांच्या हालचालींचं चित्रीकरण द्यायला सुरुवात केली. शब्दांत कोरिया समजावून सांगणं जवळपास अशक्य. तो अर्धा मिनिट पाहिला की कायमचा लक्षात राहतो. तेव्हापासून या शाखेच्या परिषदांत चित्रफीत लावायची आणि भल्याभल्या तज्ज्ञांनी सर्वांसमक्ष निदान करायचं, अशी पद्धत रूढ झाली. नामवंत प्राध्यापक तिथे उघडपणे चुकतात, आणि समोर बसलेला विद्यार्थी त्यातूनच शिकतो. मुंबईत शिकून क्वीन स्क्वेअरला गेलेले प्रा. कैलाश भाटिया हे आज या शाखेतल्या जगातल्या अग्रगण्य नावांपैकी एक आहेत.

मुंबईचं या शाखेतलं देणं मात्र त्याआधीचं आहे, आणि त्याकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. डॉ. नोशीर वाडिया १९५७ मध्ये जे. जे. रुग्णालयात आले आणि तिथे त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला. तोल जाणारे, बोलताना अडखळणारे, पावलं फाकवून चालणारे काही रुग्ण त्यांच्याकडे येत. घराण्यात तोच आजार असे. वाडियांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे नजर वळवतो तेव्हा बुबुळं टपकन उडी मारतात. या रुग्णांची बुबुळं हळूहळू सरकत जात. डोकं स्थिर ठेवून आधी या बोटाकडे आणि मग त्या बोटाकडे बघा, एवढं सांगितलं की ते दिसे. उपकरण काहीच लागत नव्हतं. नऊ कुटुंबांचा अभ्यास करून वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात हा वेगळा आनुवंशिक आजार असल्याचं मांडलं. आज त्याला एससीए-२ म्हणतात. त्याचं जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. प्रयोगशाळेला जिथे पोचायला पंचवीस वर्षं लागली तिथे भायखळ्याच्या सरकारी रुग्णालयातला एक डोळा आधीच पोचला होता. अटॅक्सियाचा रुग्ण समोर आला की त्याच्या बुबुळांची उडी बघायची, हे त्यानंतर जगभरच्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवलं जाऊ लागलं.

मुंबईतच डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन पार्किन्सनचे रुग्ण मोजले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. पारशी समाजातलं वृद्धांचं प्रमाण लक्षात घेऊन हा आकडा वाचावा लागतो. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची पद्धत. इस्पितळात पोचलेलाच रुग्ण पाहिला तर आजाराचा एक तुकडाच कळतो. दारात जाऊन पाहिलं तर न पोचलेलेही कळतात. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या वाड्यांवर जाऊन अशी मोजणी करणं हे शिकाऊ डॉक्टरांसाठी उत्तम शिक्षण ठरेल.

आता आपल्याकडची शिडी पाहू. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, त्यानंतर देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा देऊन डीएम न्यूरॉलॉजीची आणखी तीन. या शेवटच्या तीन वर्षांत पक्षाघात, अपस्मार, मेंदूज्वर, डोकेदुखी, नसांचे आजार सगळं शिकायचं असतं. रात्रीच्या पाळीत पक्षाघाताचे रुग्ण येतात, बाह्यरुग्ण विभागात अपस्माराची रांग असते. हालचालींच्या विकारांना जो वेळ लागतो, म्हणजे एका रुग्णाला बसवून, चालवून, लिहायला लावून, घरच्यांशी बोलून अर्धा-पाऊण तास, तो त्या गर्दीत निघत नाही. म्हणून पुढची पायरी फेलोशिपची. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डीएमनंतर वर्षभराचं असं प्रशिक्षण मिळतं. जागा अगदी मोजक्या. तोवर डॉक्टर तिशीच्या मध्यावर आलेला असतो, डोक्यावर घर आणि मुलं असतात, आणि खासगी इस्पितळ दारात उभं असतं. आणखी एक वर्ष अपुऱ्या वेतनावर शिकायला जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

दरम्यान रुग्ण वाढताहेत. २०१६ साली जगात पार्किन्सनचे सुमारे ६१ लाख रुग्ण होते, त्यांपैकी भारतात पावणेसहा लाखांच्या आसपास. २०१९ साठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ८५ लाखांवर गेला. गोव्यात माणसं दीर्घायुषी आहेत, मुलं परदेशी किंवा मुंबई-पुण्याला आहेत, जुन्या घरांत म्हातारी जोडपी एकटी राहतात. या आजाराचा भार इथे जास्तच जाणवणार.

चांगल्या प्रशिक्षणात नेमकं काय शिकवलं जातं? सगळ्यांत आधी, औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला. ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्याइतकी फळ देणारी तपासणी दुसरी क्वचितच असेल. आपल्याकडे आम्लपित्तासाठी जी कॅप्सूल सर्रास लिहिली जाते, तिच्या अनेक ब्रँडांमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड घातलेलं असतं. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतं. रोज सकाळी उपाशीपोटी ती घेणाऱ्या वृद्धाला काही महिन्यांत हुबेहूब पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेली सिनारिझिन, अर्धशिशीसाठीची फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड यांचंही तेच. अशा रुग्णाला पार्किन्सनच्या गोळ्या सुरू करणं चूक. आधी कॅप्सूल बंद करायची आणि वाट बघायची. बऱ्याच जणांचा कंप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. कॅप्सूलच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय ही कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा जास्त लोकांना वाचवते. ती सवय फक्त तज्ज्ञाला असून भागणार नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही हवी.

दुसरी गोष्ट, लेव्होडोपाची वेळ. पार्किन्सनवर हे औषध १९६० च्या दशकापासून आहे, आजही सर्वांत गुणकारी आहे आणि परवडण्याजोगंही आहे. पण आहारातली प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची आतड्यातून शोषलं जाण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा होते. पुस्तकात लिहिलेलं असतं, जेवणाआधी अर्धा ते एक तास. पाळीच्या शेतकऱ्याची सकाळ दहाच्या पेजेची, दुपार हुमण-भाताची. 'दिवसातून तीनदा' एवढंच चिठ्ठीवर लिहिलं तर तो मासळी खाऊन गोळी घेणार, आणि चार वाजता पाय खिळले की औषध लागू पडत नाही म्हणणार. त्याची पेज किती वाजता, जेवण किती वाजता, शेतात कधी जातो, हे विचारून गोळीचं वेळापत्रक लिहून देणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. ते लिहिणं मराठीत किंवा कोंकणीत, मोठ्या अक्षरात हवं.

मानेच्या किंवा पापणीच्या डिस्टोनियासाठी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं कुठल्या स्नायूत किती द्यायची, हे हातात हात धरूनच शिकावं लागतं. मेंदूत तार बसवून विजेचे हलके स्पंद देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या ग्रेनोबलला १९८७ साली आलिम-लुई बेनाबिद यांनी सुरू केली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती आणली. तिचा खर्च दहा लाखांच्या वर जातो. शस्त्रक्रिया शल्यविशारद करतो, पण कोणत्या रुग्णाला ती द्यायची आणि नंतर महिनोन् महिने यंत्राची जुळवाजुळव कशी करायची, हे मेंदूविकारतज्ज्ञाचं काम. निवड चुकली तर पैसा आणि आशा दोन्ही जातात.

पाळीचा विचार करताना खाणीला टाळून पुढे जाता येत नाही. हा पट्टा लोहखनिजाचा आहे. २०१२ ची बंदी आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ खाणपट्टे इथल्या घराघराने सोसले आहेत. मेंदूविकारांच्या पुस्तकात खाणीचं नाव येतं ते मॅंगनीजमुळे. स्कॉटलंडमध्ये जॉन कूपर यांनी १८३७ सालीच मॅंगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांचे पाय लटके पडत असल्याचं नोंदवलं होतं. मॅंगनीजच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केल्यावर येणारा आजार पार्किन्सनसारखा भासतो, पण माणूस टाचा उचलून चालतो, लवकर मागे कोसळतो, लेव्होडोपाला फारशी दाद देत नाही. गोव्यात मॅंगनीज मुख्यतः सांगे-केपेच्या बाजूला, महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींत. डिचोलीच्या लोकांनी यावरून घाबरून जाण्याचं काही कारण नाही. तरीही काम कुठे केलं, कोणत्या खाणीत, किती वर्षं, वेल्डिंग करायचा का, हे प्रश्न इथल्या रुग्णाला विचारलेच पाहिजेत. तसंच शेजारच्या सत्तरीत २०१५ साली काजूच्या बागांत राबणाऱ्यांना माकडताप झाला. त्या तापाच्या दुसऱ्या टप्प्यात काहींना कंप येतो. बंगळुरूत शिकून आलेल्या डॉक्टरला गोव्याची माती आणि इथली कामं पुन्हा शिकावी लागतात.

इथल्या रानात, कुंपणांवर खाजकुइलीची वेल असते. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं; दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते १९३७ मध्येच वेगळं करून दाखवलं होतं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली पार्किन्सनच्या रुग्णांवर तिचा उपयोग तपासला, पुढे लंडनलाही चाचणी झाली. त्यामुळे वैद्याने दिलेली पूड घेतल्यावर बरं वाटतं असं रुग्ण सांगतो तेव्हा तो खरं बोलत असतो. अडचण मात्रेची आहे. पुडीत लेव्होडोपा किती ते कळत नाही, वर डॉक्टरच्या गोळ्याही चालू असतात, आणि मग अंग वेडंवाकडं हलू लागतं. रागावणाऱ्या डॉक्टरपासून रुग्ण ही पूड लपवतो. ती सांगायची मोकळीक देणारा डॉक्टर घडवणं हेही प्रशिक्षणच.

घाड्याचा उल्लेख सुरुवातीला केला तो हिणवण्यासाठी नव्हे. काही मुलं सकाळी नीट चालतात आणि संध्याकाळ झाली की पाय वाकडा पडतो. घरच्यांना तिन्हीसांजेची बाधा वाटली तर नवल नाही. जपानचे मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात वर्णन केलेला हा डिस्टोनिया लेव्होडोपाच्या अगदी थोड्या मात्रेने जवळजवळ पूर्ण बरा होतो. तरुण वयात हात वाकडे होऊ लागले, जीभ जड झाली, तर विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात साचणारं तांबं, शोधायलाच हवं. वेळेत औषध मिळालं तर माणूस कामावर परततो, नाही मिळालं तर जीव जातो. हे दोन आजार ज्याने एकदाही पाहिलेले नाहीत तो ते ओळखणार नाही, आणि ते न ओळखण्याला क्षमा नाही.

काही कंप मेंदूच्या रचनेतल्या बिघाडातून येत नाहीत, त्याच्या कामकाजातल्या गोंधळातून येतात. दुसऱ्या हाताने ठेका धरायला सांगितला की थरथरणाऱ्या हाताची लयही त्या ठेक्यावर येते, ही अशा कंपाची खूण. अशा रुग्णाला 'नाटक करतोस' म्हणणं क्रूरपणाचं आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियांनी पॅरिसमध्ये मांडलं होतं की संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्यात नसून समोरच्याच्या मनात असते. पणजीत मांडवीकाठी त्यांचा पुतळा आहे. मन शरीराला कुठवर नेऊ शकतं हे समजून घेण्याची परंपरा गोव्याला परकी नाही.

डॉक्टर एकटा पुरत नाही. पार्किन्सनचा रुग्ण उंबरठ्याशी येऊन खिळतो, आणि आपल्या जुन्या घरांना उंच उंबरठे. जमिनीवर आडवी पट्टी आखली, किंवा कुणी ताल दिला, की अनेकांचं पाऊल सुटतं. भजनाचा ठेका ज्याच्या अंगात आहे त्याला हा उपाय शिकवायला फार वेळ लागत नाही. पुण्यात हृषीकेश पवार यांनी २०१० पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून रुग्णांना एकत्र आणतं, आणि मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आधारगट चालवते. फेलोशिप करणाऱ्या प्रत्येकाने अशा गटात काही महिने घालवावेत असं मला वाटतं. रुग्णाला दिवसाचे उरलेले तेवीस तास कसे जातात, ते तिथेच कळतं.

गोमेकॉची परंपरा १८४२ च्या वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. इथे शिकलेले डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत जाऊन काम करत. एवढा वारसा असलेल्या राज्याने पुढचं पाऊल टाकायला हरकत नसावी. दर दोन-तीन वर्षांनी एका मेंदूविकारतज्ज्ञाला पूर्ण पगारावर बंगळुरू किंवा तिरुवनंतपुरमला वर्षभर पाठवावं आणि परतल्यावर पाच वर्षं गोव्यात राहण्याचा करार करावा. त्याच्याकडे आठवड्यातला एक दिवस फक्त हालचालींच्या विकारांचा असावा, महिन्यातला एक दिवस साखळीत आणि एक पेडण्यात. आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना रुग्णाच्या चालण्याचं, बोटं आपटण्याचं, लिहिण्याचं चित्रीकरण संमतीने करून बांबोळीला पाठवायला शिकवावं. दूरस्थ वैद्यकसेवेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० पासून लागू आहेत, अडथळा कायद्याचा नाही. एका डॉक्टरचं एक वर्षाचं वेतन, एवढाच याचा मुख्य खर्च. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत हे पाळी-कोठंबीचेच आणि स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. त्यांनी आणि आरोग्य खात्याने ही एक जागा येत्या अर्थसंकल्पात मंजूर करावी.